मोटोक्रॉस मोटारसायकल : हँडल व तरफांचे समायोजन

खडबडीत व चढउतारांच्या बंदिस्त मातीमार्गावर घेतल्या जाणाऱ्या मोटारसायकल शर्यतीस मोटोक्रॉस म्हणतात. तिचा उगम ब्रिटनमधील ‘स्क्रँबल’ शर्यतींत असून त्यांपैकी पहिली १९२४ मध्ये सरे परगण्यातील कँबर्ली येथे झाली. क्रीडागारात कृत्रिम उंचवटे रचून घेतल्या जाणाऱ्या प्रकारास सुपरक्रॉस हे नाव आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात झाली.

या शर्यतीत चालक बराच वेळ फुटरेस्टवर उभा असतो. त्यामुळे हँडल आणि तरफा (लिव्हर) यांची स्थिती प्रामुख्याने उभ्या पवित्र्यावरून ठरवावी लागते. मनगट वाकलेल्या अवस्थेत तरफ ओढावी लागल्यास मूठ अधिक घट्ट आवळली जाते. बाहूच्या पुढील भागातील स्नायू फुगून ताठरतात आणि बोटांतील बळ कमी होते. अशा वेळी ब्रेक उशिरा लागणे किंवा मूठ सुटणे धोक्याचे ठरते.

हँडल : प्रारंभी बाजूने पाहता हँडलचा उभा भाग पुढील चाकाच्या फोर्कशी साधारणतः समांतर ठेवतात. नंतर चालकाने गुडघे किंचित वाकवून, कोपरे बाहेर व वर ठेवून उभे राहावे. हँडल फार मागे फिरविलेले असल्यास कोपरे बरगड्यांकडे येतात, शरीराचा भार मागे जातो आणि पुढील चाकाची पकड कमी होते. ते फार पुढे असल्यास खांदे ओढले जातात व भार हातांवर येतो. हँडल एका वेळी थोडेच फिरवून प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहावी. मूळ स्थितीची खूण करून ठेवल्यास परत येणे सोपे जाते. उंच चालकासाठी हँडलखाली उंचवटे (स्पेसर) बसविता येतात.

तरफा : उजव्या हाताची तरफ पुढील ब्रेकची व डाव्या हाताची क्लचची असते. उभ्या पवित्र्यात बाहू, मनगट व बोटे जवळजवळ एका रेषेत येतील इतका तरफांना खाली कल देतात. एक किंवा दोन बोटे तरफेच्या टोकाजवळ पडतील अशा बेताने तिची बैठक आत सरकवितात. टोकाजवळ ओढल्याने कमी बळ पुरते. तरफ मुठीपासून किती दूर असावी हे बोटांच्या लांबीवर अवलंबून असते. बैठकीचे स्क्रू वापरताना तरफ सरकणार नाही, परंतु गाडी पडल्यास ती मोडण्याऐवजी फिरेल, इतपतच आवळतात.

तपासणी : हँडलचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने व मापाने आवळावेत. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून केबल व ब्रेकची नळी ताणली जात नाही, एंजिनाचा वेग आपोआप वाढत नाही आणि सोडलेली प्रवेगकाची मूठ तत्काळ मिटते, याची खात्री करणे अत्यावश्यक आहे.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा वाहन-अभियांत्रिकीशी जुना संबंध आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था येथे आहे. कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीची लुना ही मोपेड १९७२ मध्ये बाजारात आली व ती येथील कारखान्यात तयार होत असे. लुनाचा क्लच स्वयंचलित असल्याने चालकाच्या डाव्या हातावर त्याचे काम पडत नसे. मोटोक्रॉसमध्ये मात्र प्रत्येक वळणावर क्लच अर्धवट दाबून सोडावा लागतो. म्हणून डाव्या तरफेची स्थिती तेथे निर्णायक ठरते.

जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या डोंगराळ वाटांवर वा शेतरस्त्यांवर नेहमीची मोटारसायकल वापरणाऱ्यासही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की तो बहुतेक वेळ बसलेला असल्याने त्याच्या तरफांचा कल बसण्याच्या पवित्र्यावरून ठरवावा. शर्यतीच्या गाडीचे माप जसेच्या तसे उचलल्यास बसून चालविताना मनगट खाली मोडते आणि दीर्घ प्रवासात हात बधिर होऊ शकतात.