सोयाबीनचा भाव आणि क्वांट रिसर्चची मुलाखत

क्वांट रिसर्च म्हणजे गणिताच्या आधारे बाजारभावांचा अभ्यास करण्याची नोकरी. तिच्या मुलाखतीत फाशाचं गणित हमखास येतं. फासा टाका, जेवढे ठिपके तेवढे रुपये. मनासारखं पडलं नाही तर आणखी एकदा टाका. या खेळाची किंमत किती? दुसऱ्या फेकीची सरासरी 3.5, म्हणून 4, 5 किंवा 6 आल्यावर थांबायचं, उत्तर 4.25. अशी उत्तरं पाठ करून फार तर पहिली फेरी निघेल. खरं काम आकड्यामागचं कारण ओळखण्याचं, आणि त्याचा सराव करायला वाशीम जिल्ह्यात मालमसाला भरपूर आहे. ऑक्टोबरात वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजारात नवं सोयाबीन येतं नि भाव उतरतो. आवक वाढली म्हणून? अर्धंच खरं. तेव्हाचा माल बरेचदा ओला असतो, आणि हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष जास्तीत जास्त 12 टक्के ओलाव्याचा. ओलावा सोडून मॉडेल बांधलं, तर सुक्या मालाची ओल्याशी तुलना होते. त्यात डिसेंबर 2021 मध्ये बाजार नियामक सेबीनं सोयाबीनचे वायदे थांबवले. आधीचे नि नंतरचे भाव एकाच मापानं मोजायचे का, हेही ठरवावं लागतं.

कुणी म्हणेल, क्वांट रिसर्चची नोकरी देणाऱ्या कंपन्या आयआयटीबाहेर बघतात कुठे? चाळणी बारीक आहे, हे मान्यच. पण भारतीय सांख्यिकी संस्थेत बारावीनंतर बी.स्टॅट.ला प्रवेश मिळतो, तोही गणिताच्या प्रवेश परीक्षेवर. कामाला लागणारी पायथन ही संगणकभाषा मागाहून शिकता येईल. बारावीच्या पोरांनो, आधी संभाव्यता पक्की करा.