पर्यावरणाची माहिती सर्वांच्या हाती : भोर-वेल्ह्यासाठी मोबाइल ॲप कसे असावे?

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तथापि लोकांच्या तोंडी जुने नाव रुळलेले असल्याने आम्हीही येथे तेच वापरत आहोत. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे अशा डोंगररांगांनी विभागलेल्या या भूमीत मोठी धरणे आहेत. वेल्ह्यातील पानशेत, वरसगाव व गुंजवणी आणि भोरमधील भाटघर व नीरा देवघर या पाच धरणांची साठवण मिळून ६२ टीएमसीच्या घरात जाते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि बारामती, फलटण, इंदापूरकडील शेती पिकते. परंतु एप्रिल-मे उजाडला की याच खोऱ्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्या आणि धनगरवस्त्या टँकरची वाट पाहतात.

वाचकहो, जे पाण्याचे झाले, तेच माहितीचेही झाले आहे. या डोंगरांवर पडणारा पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी नोंदली जाते, जंगलांचे व उतारांचे नकाशे तयार होतात. हे सारे आकडे खाली वाहत जातात, कार्यालयांत साठतात आणि इतरांच्या उपयोगी पडतात. ज्याच्या अंगणात ते मोजले गेले, त्याच्याकडे मात्र ते क्वचितच परततात. आज खेडोपाडी मोबाइल पोहोचला असताना हा उलटा प्रवास घडवून आणता येईल काय, आणि त्यासाठी ॲपची रचना कशी असावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

माहिती आहे, पण कोणाकडे?

माहितीचा दुष्काळ आहे असे मुळीच नाही. हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे त्याचे चार रंग आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. राज्य शासनाच्या 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जलसंपदा विभाग धरणांचा साठा आणि विसर्ग रोज जाहीर करतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दरडप्रवण उतारांचे नकाशे आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे.

ॲपही कमी नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विजेचा इशारा देणारे 'दामिनी' विकसित केले. शेतीच्या सल्ल्यासाठी २०१९ मध्ये 'मेघदूत', हवामानासाठी २०२० मध्ये 'मौसम' आणि आपत्तीच्या सूचनांसाठी 'सचेत' आले. त्यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रत्येक ॲप आपापल्या खात्याचे बोलते. शेतकऱ्याच्या जीवनात मात्र पाऊस, विहीर, दरड, रान ही निरनिराळी खाती नसतात. ते एकच जगणे असते.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. घाटमाथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला पुणे-सातारा महामार्गाकडे येईतो तो कित्येक पटींनी घटतो. अशा मुलखात 'तालुक्याचा सरासरी पाऊस' हा आकडा कोणत्याच गावाचा नसतो. भूजलाचेही तसेच. येथील काळ्या पाषाणात पाणी सलग पसरत नाही. भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे एका विहिरीला पाणी असून शेजारची कोरडी असू शकते. दूरच्या निरीक्षण विहिरीवरून आपल्या वाडीच्या झऱ्याचे भविष्य सांगता येत नाही.

माहिती न पोहोचल्याचे मोल

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व १५१ जणांचा बळी गेला. गाव नाहीसे झाल्याची वार्ता प्रथम दिली ती तेथे पोहोचलेल्या एस.टी.च्या चालकाने. त्यानंतर जिल्ह्यातील धोकादायक गावांची पाहणी झाली. भोर व वेल्ह्यातील गावेही त्या यादीत होती. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ती वाडी धोकादायक ठिकाणांच्या यादीत नव्हती. या दोन घटनांतून दोन वेगवेगळे धडे मिळतात. यादी असली तरी ती लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि यादी कधीही पूर्ण नसते, म्हणून डोंगराखाली राहणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलेही वर पोहोचले पाहिजे.

तिसरे उदाहरण जीवघेणे नाही, पण तितकेच बोलके आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला अहवाल दिला. तो लगेच खुला झाला नाही. माहिती अधिकाराखाली लढा द्यावा लागला, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश झाला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. त्यानंतर पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा निघाल्या. भोर व वेल्ह्यातील गावेही या मसुद्यांत आहेत. हरकती नोंदविण्यास ६० दिवस मिळतात. आपले गाव यादीत आहे की नाही, असल्यास खाणीवर बंदी येईल की घरबांधणीवर, शेती करता येईल की नाही, हे ज्याला ठाऊकच नाही, तो हरकत कशाची घेणार आणि पाठिंबा कशाला देणार? माहितीची जागा मग अफवा घेते.

कायद्याचे व विवेकाचे सांगणे

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाची आठवण येथे करून देणे आवश्यक आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता शासनाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, आणि ती देताना स्थानिक भाषा, होणारा खर्च व त्या भागातील सर्वांत परिणामकारक संपर्कसाधन विचारात घ्यावे, असे ते कलम सांगते. म्हणजे इंग्रजी तक्ता संकेतस्थळावर चढविला की कर्तव्य संपले, असे कायद्यालाही अभिप्रेत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात, पर्यावरणाविषयीच्या निर्णयांत स्थानिक जनतेला विशेष स्थान असावे आणि पूर्ण माहितीवाचून सहभाग खरा ठरत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

ॲपची रचना कशी असावी?

पहिली गोष्ट म्हणजे, ॲपने आकड्यांपासून नव्हे तर प्रश्नांपासून आरंभ करावा. आज रात्री घर सोडावे काय? आमचा झरा मेपर्यंत टिकेल काय? उद्या फवारणी करावी काय? या डोंगरावर चाललेल्या खोदकामाला परवानगी आहे काय? पडद्यावर असे चार-पाच प्रश्न असावेत आणि प्रत्येकाच्या मागे संबंधित खात्यांची माहिती एकत्र आणलेली असावी. 'धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग' या वाक्याने नदीकाठच्या माणसाला काही बोध होत नाही. 'पाणी वाढत आहे, तुमच्या गावचा फरशी पूल पाण्याखाली जाण्याचा संभव आहे' हे त्याला समजते. छतावर पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये सांगण्याऐवजी लिटरमध्ये सांगावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने ५०० चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी मिळते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. वापरणाऱ्याला अक्षांश-रेखांश नकोत. खोरे, गाव, वाडी या क्रमाने आपले ठिकाण निवडता यावे. वाडीची माहिती नसेल तर 'ही नोंद अमुक अंतरावरील केंद्राची आहे' असे स्पष्ट लिहावे.

तिसरी भाषेची. साधी मराठी, मोठी अक्षरे आणि त्याबरोबर ऐकण्याची सोय असावी, कारण ज्येष्ठांपैकी अनेकांना वाचता येत नाही. केवळ रंगावर विसंबू नये. लाल आणि हिरवा यांतील भेद काहींच्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून प्रत्येक रंगासोबत शब्द व चिन्हही असावे.

चौथी संपर्काची. या खोऱ्यांत डोंगराआड फोनला रेंज मिळत नाही. म्हणून ॲप आकाराने लहान, जुन्या फोनवरही चालणारे असावे. एकदा उतरवून घेतलेली माहिती रेंजविना दिसावी आणि तातडीचा इशारा साध्या एसएमएसनेही जावा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता येईल व ध्वनिक्षेपकावर वाचता येईल इतका सुटसुटीत असावा. 'सर्वांसाठी' या शब्दाची खरी कसोटी येथे लागते.

पाचवी प्रामाणिकपणाची. प्रत्येक आकड्याखाली तो कोणी, कोठे व केव्हा मोजला हे दिसावे. तीन महिन्यांपूर्वीची पाणीपातळी आजची म्हणून दाखविणे म्हणजे दिशाभूल होय. अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगावा. लाल इशारा देऊन पाऊस आला नाही तर पुढच्या वेळी लोक घरातच बसून राहतात. म्हणून इशारा का दिला होता व पुढे काय झाले, याचाही खुलासा नंतर केला जावा.

गावकरी केवळ ऐकणारे नव्हेत

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात लोक स्वतः पाऊस मोजतात, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. तेथील यशामागे यंत्राहून मोठी अशी ही सामुदायिक शिस्त आहे. भोर-वेल्ह्यातही शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवता येईल. खुणा केलेल्या दोराने विहिरीची पातळी दर पंधरवड्याला मोजता येईल. झरा कोणत्या महिन्यात आटला याची नोंद ठेवता येईल. उतारावर नव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवा झरा फुटणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, घराची दारे अकस्मात अडकू लागणे ही दरडीची पूर्वलक्षणे असू शकतात. ती दिसताच छायाचित्रासह तालुक्याच्या आपत्ती कक्षाला कळविण्याची सोय ॲपमध्ये पहिल्याच पानावर हवी, आणि आलेल्या सूचनेवर काय कार्यवाही झाली हे कळविणाऱ्याला दिसले पाहिजे. उत्तर न मिळाल्यास लोक दुसऱ्यांदा कळवीत नाहीत.

काही धोके

सर्व माहिती सर्वांना खुली करावी, असे मात्र म्हणता येणार नाही. या भागातील देवरायांत दुर्मीळ वृक्ष व औषधी वनस्पती टिकून आहेत. त्यांचे नेमके ठिकाण नकाशावर दाखविल्यास तोडणाऱ्याला वाट दाखविल्यासारखे होईल. अशा नोंदींचे ठिकाण ढोबळच ठेवावे. बारमाही झरा कोठे आहे हे जमीन शोधणाऱ्या धनिकाला आधी कळले आणि वाडीला मागाहून, असे घडता कामा नये. म्हणून कोणती माहिती खुली करावयाची हे ग्रामसभेला विचारून ठरवावे. खोदकामाची तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राखावे. तसेच खात्यांच्या आकड्यांवर ॲप अवलंबून असल्याने ते चालविण्याची जबाबदारी, खर्च व दुरुस्ती कोणाकडे, हे प्रारंभीच ठरले पाहिजे. उत्साहाने सुरू झालेले आणि दोन पावसाळ्यांनंतर बंद पडलेले ॲप विश्वासाची हानी करते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी पुण्याच्या संगणक उद्योगात कार्यरत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, असे काही करावयाचे ठरविल्यास संगणकापुढे बसण्यापूर्वी एक उन्हाळा आणि एक पावसाळा या खोऱ्यांतील एखाद्या वाडीत जाऊन-येऊन राहावे. हंडा घेऊन झऱ्याकडे जाणाऱ्या मावशींना आणि रात्री पावसाचा आवाज ऐकत जागणाऱ्या आजोबांना, 'तुम्हांला काय कळायला हवे?' असे विचारावे. त्यांनी सांगितलेले प्रश्न कागदावर उतरले की ॲपचा आराखडा अर्धा तयार झाला असे समजावे. उरलेला अर्धा भाग तंत्राचा आहे, आणि ते तंत्र आपल्या तरुणांना उत्तम अवगत आहे.