हरवलेले वर्ष

६ एप्रिल २०१० रोजी तेव्हाच्या दंतेवाडा आणि आजच्या सुकमा जिल्ह्यातील ताडमेटला गावाजवळ माओवाद्यांनी दबा धरून हल्ला केला. त्यात ७६ जवान मृत्युमुखी पडले. रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि परिसरात मराठी कुटुंबे राहतात. तेथील वाचकांसाठी ही आपल्याच राज्याच्या दक्षिण टोकाची वार्ता होती. कालांतराने वृत्तपत्राची रद्दी होते. परंतु अशाच बातम्यांवरून दूर अमेरिकेतील एका विद्यापीठात कायमची नोंद तयार होते.

मेरीलँड विद्यापीठात २००५ साली दहशतवादाच्या अभ्यासासाठी ‘स्टार्ट’ नावाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक गॅरी लाफ्री हे त्याचे संस्थापक-संचालक. हल्ला कोठे झाला, कोणी केला, कोणते शस्त्र वापरले, किती माणसे दगावली, अशी माहिती हे केंद्र प्रसिद्ध वृत्तांमधून गोळा करते. १९७० ते २०२० या काळातील दोन लाखांहून अधिक घटना त्याच्या माहितीसाठ्यात आहेत. शासनाने केलेली हिंसा मात्र त्यात धरली जात नाही. तेव्हा हा हिंसेचा संपूर्ण हिशेब आहे, असे समजू नये.

या संग्रहाचा पाया एका खाजगी सुरक्षा कंपनीने घातला होता. पिंकर्टन कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी १९७० पासून १९९७ पर्यंतच्या सुमारे ६७,००० घटना कार्डांवर हाताने लिहून ठेवल्या होत्या. ही कार्डांची खोकी विद्यापीठाला मिळाली आणि विद्यार्थ्यांनी ती माहिती संगणकात भरली. काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पना करावी! तेव्हा लक्षात आले, की १९९३ ची कार्डेच नाहीत. कंपनीने कार्यालय हलवले, त्या वेळी ती गहाळ झाली होती.

महाराष्ट्राला १९९३ हे साल विसरता येणारे नाही. १२ मार्च रोजी मुंबईत शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार अशा ठिकाणी लागोपाठ बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे ठार झाली. त्या वर्षाच्या घटना जुन्या वृत्तांवरून पुन्हा जमवण्याचा प्रयत्न केंद्राने केला. परंतु अंदाजे १५ टक्केच नोंदी हाती लागल्या. संशोधकांनी त्या मुख्य संग्रहात मिसळल्या नाहीत, वेगळ्या ठेवल्या. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. अपुरे आकडे मिसळले असते, तर १९९३ साली जगात दहशतवाद एकाएकी ओसरला होता, असे आलेखावरून वाटले असते.

हीच अडचण बस्तरमध्येही येते. ७६ जवानांच्या मृत्यूची वार्ता जगभर पोहोचते. जंगलातील एखाद्या पाड्यावर एकट्या गावकऱ्याची हत्या होते, तेव्हा तेथपर्यंत वार्ताहर पोहोचेलच असे नाही. विद्यापीठातील अभ्यासक छापून आलेले तेवढेच मोजू शकतो. जगदलपूरच्या किंवा रायपूरच्या वार्ताहराने चार ओळी लिहिल्या, तरच त्या गावकऱ्याची गणती होते.