वास कधी येतो, ते आधी सांगा

दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत 1 जानेवारी 2021 च्या पहाटे पारा 1.1 अंशांवर उतरला होता. त्याच वेधशाळेने 29 मे 2024 रोजी 46.8 अंश सेल्सिअसची नोंद केली. दोन्ही आकड्यांत 45 अंशांहून जास्त अंतर आहे. या शहरात दहा-बारा वर्षं फिरलेल्या पेट्रोल गाडीने ही दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा सोसलेली असतात. तिच्या रबरी नळ्या, टाकीतला पंप, टाकीच्या झाकणाचं वायसर या सगळ्यांवर त्याच्या खुणा असतात. म्हणूनच दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादच्या गॅरेजांत एक जोडतक्रार बाराही महिने ऐकू येते: गाडी लवकर स्टार्ट होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो.

यापुढे बहुतेकदा अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग प्लग, मग कश्मीरी गेटच्या बाजारातून आणलेला नवा पंप. पैसे जातात आणि वास तसाच राहतो. खरं तर या तक्रारीचं निदान सुट्या भागांपासून नव्हे, वेळेपासून सुरू करायला हवं. गाडी थंड असताना अडते की गरम असताना? रात्रभर उभी राहिल्यावर, की पंपावर टाकी भरून निघताना? एवढं नीट सांगता आलं, तर अर्धं निदान हातात पाना घेण्याआधीच होतं.

द्रव पेट्रोल जळत नाही

इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापेक्षा कमी असेल तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. ते साडेसात टक्क्यांच्या वर गेलं तरीही पेटत नाही. म्हणजे इंजिन उपाशी असताना स्टार्ट होत नाही, तसंच अति पाजल्यावरही होत नाही.

जोडतक्रारीचा पहिला धागा इथे सापडतो. सेल्फ मारूनही गाडी स्टार्ट होत नाही आणि वासही नाही, तर पेट्रोल बहुधा इंजिनापर्यंत पोचतच नाही. वास येत असेल तर पेट्रोल पोचतं आहे, पण ते गरजेपेक्षा जास्त आहे, भलतीकडे गळतं आहे किंवा ठिणगीअभावी न जळता बाहेर पडतं आहे. तपास या तीन वाटांवरच करायचा.

सकाळी, इंजिन थंड असताना

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 35 अंशांच्या आसपास उकळतात, जड घटकांना 200 अंश लागतात. जानेवारीच्या पहाटे फक्त हलक्या घटकांचीच पुरेशी वाफ होते. म्हणून थंड इंजिनाला नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं. 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हाच्या गाड्यांत हे काम चालकच करत असे. चोक ओढायचा, इंजिन तापलं की परत ढकलायचा. चोक ओढलेलाच राहिला की प्लग भिजायचे, गाडीभर वास सुटायचा.

आजच्या इंजेक्शन गाडीत पेट्रोल टाकीतल्या विजेच्या पंपाने सुमारे 3 बार दाबाखाली इंजेक्टरांपर्यंत येतं. गाडी बंद केल्यावरही हा दाब काही तास टिकावा, म्हणून पंपात एकमार्गी झडप असते. झडप थकली की रात्रीतून पेट्रोल टाकीत उतरतं आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. याची चाचणी घरच्या घरी करता येते. किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा, पंपाची दोन-तीन सेकंदांची घूं ऐका, किल्ली बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी झटकन स्टार्ट झाली, तर दाब रात्रीतून उतरतो हे जवळजवळ नक्की.

मात्र पेट्रोल टाकीत परत गेलं तर वास येत नाही. दाब उतरतो आणि वासही येतो, तेव्हा संशय इंजेक्टरवर. त्याचं तोंड नीट मिटत नसेल, तर थेंब थेंब पेट्रोल रात्रभर इंजिनाच्या आत साचतं. सकाळी गाडी खोकत उठते आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक लोट सोडते. काही जुन्या गाड्यांत दाब-नियंत्रक इंजिनावर, इंजेक्टरांच्या नळीजवळ असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं. ती नळी काढून पाहिली आणि आतून ओली निघाली, तर गुन्हेगार सापडला.

दुपारी, इंजिन गरम असताना

गाडी बंद केली की पंखा आणि पाण्याचं अभिसरण थांबतं, पण इंजिनातली उष्णता लगेच कुठे जात नाही. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान पुढची काही मिनिटं उलट वाढत जातं. मे महिन्यात करोल बागेत गाडी उभी करून दहा मिनिटांत परत यावं आणि तिने अडून बसावं, याचं कारण हे. अँबेसिडर आणि फियाटच्या काळात या उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ अडकायची आणि चालक त्यावर ओला फडका ठेवायचे. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तर अक्षरशः उकळून इंजिनात सांडायचं. दाबाखालचं पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही, म्हणून इंजेक्शन गाड्यांत हा त्रास कमी झाला. दाब टिकत नसेल, तर हा त्रास परत येतो.

गरम गाडी अडत असेल आणि पेट्रोलचा उग्र वास, काळा धूर, घटलेलं अ‍ॅव्हरेज हे सगळं एकत्र दिसत असेल, तर इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर तपासा. तो जितका तापतो तितका त्याचा विद्युतरोध घटतो. 20 अंशांना साधारण दोन हजार ओहमच्या घरात असलेला रोध 80 अंशांना तीनशेच्या आसपास येतो. जोडणीला गंज चढून रोध वाढला, की गाडीच्या कॉम्प्युटरला भर उन्हाळ्यात हिवाळा वाटतो आणि तो तापलेल्या इंजिनालाही चोक ओढल्यासारखं पेट्रोल पाजत राहतो. अशा वेळी नवा पंप बसवून काहीही साधत नाही. साध्या मल्टिमीटरने हा दोष पकडता येतो.

पेट्रोल भरून निघताना

टाकीत तयार होणारी वाफ हवेत सुटू नये म्हणून गाडीत सक्रिय कोळशाचा एक डबा असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना एका झडपेतून ती वाफ इंजिनात जाळली जाते. झडप उघडीच अडकली, तर टाकी भरताना उसळलेली वाफ एकदम इंजिनात जाते आणि गाडी पंपावरच अडते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही गळ्यापर्यंत टाकी भरून घेण्याची सवय या डब्याचा घात करते, कारण द्रव पेट्रोल आत शिरलं की कोळसा निकामी होतो.

टाकी भरल्यावर वास गाडीच्या आतच येत असेल, तर मागच्या सीटखाली पाहा. अनेक गाड्यांत पंपाचं झाकण तिथे असतं आणि त्याची रबरी रिंग कालांतराने कडक होऊन चिरते.

सीएनजी आणि इथेनॉल

राजधानी क्षेत्रातल्या असंख्य गाड्या सीएनजीवर चालतात. किट बसवलेली गाडी बहुधा पेट्रोलवर स्टार्ट होते आणि थोड्या वेळात गॅसवर जाते. त्यामुळे टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं, त्यातले हलके घटक उडून जातात आणि इंजेक्टरांवर चिकट थर बसतो. थंडीत स्टार्ट होण्यासाठी नेमके हलके घटकच लागतात. म्हणून सीएनजीवाल्यांनी आठवड्यातून काही किलोमीटर तरी गाडी पेट्रोलवर चालवावी.

वास कशाचा, हेही ओळखायला हवं. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त रसायन मिसळलेलं असतं आणि त्याला कुजक्या कोबीसारखा वास येतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, तर पेट्रोलची वाफ जड असल्याने जमिनीलगत, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचते. सीएनजी सुमारे 200 बार दाबाखाली असतो, त्यामुळे तो कुजका वास आला तर घरगुती चाचण्या नकोत. सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि अधिकृत केंद्र गाठायचं.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे. ते जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं होतं. एप्रिल 2023 पूर्वीची, म्हणजे कदाचित या मिश्रणासाठी न बनलेली गाडी असेल, तर नळ्यांची तपासणी लांबवू नये.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

निदानाचं एक साधन प्रत्येक गाडीत आधीच पडलेलं असतं: पीयूसी प्रमाणपत्र. भारत स्टेज 4 च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. आपली गाडी पास झाली का, एवढंच आपण पाहतो. पण मागच्या तीन-चार चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, तर दोष वाढताना दिसतो. कार्बन मोनॉक्साइड चढत असेल तर पेट्रोल जास्त पडतं आहे. तो कमी असून हायड्रोकार्बन चढत असतील तर पेट्रोल न जळता बाहेर जातं आहे, म्हणजे प्लग आणि कॉइल पाहा. इंजिन ऑइलची पट्टीही हुंगून पाहावी. तिला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं आहे.

वास तीव्र असेल, गाडीखाली ओल दिसत असेल, तर सेल्फ मारूच नका. पेट्रोल उणे 40 अंशांनाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. एक ठिणगी पुरते. शिवाय आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. "आता येत नाही" या स्वतःच्या समजुतीपेक्षा नुकत्याच गाडीत बसलेल्या माणसाचं ऐका.

दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 रोजी कायम केला आणि त्यावर पुढेही सुनावण्या झाल्या. तो आदेश गाडीचं वय मोजणारा होता. पण बारा वर्षांची निगा राखलेली गाडी स्वच्छ असू शकते आणि पाच वर्षांची गळकी गाडी हवा बिघडवू शकते. निसटलेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं, की जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात तोच लोकांच्या छातीत जातो.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा: गाडी कधी अडली, इंजिन थंड होतं की गरम, किती वेळ उभी होती, टाकी किती भरलेली होती, वास आत आला की बाहेर. तो कागद आणि जुन्या पीयूसीच्या चिठ्ठ्या मेकॅनिकच्या हातात द्या, आणि कारण सापडेपर्यंत एकही भाग बदलू देऊ नका.