दुकानाला एसी किती टनाचा? आधी दुकानातली उष्णता मोजा!



उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, दीडशे स्क्वेअर फुटांचा गाळा आहे, दीड टनाचा एसी पुरेल ना?" माझं उत्तर नेहमी एकच असतं. गाळ्याचं माप कळलं, पण आत काय चालतं ते सांगा.

व्हिडिओत हिशेब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश करू. वही-पेन घ्या.

टन म्हणजे वजन नव्हे

जुन्या काळी थंडावा बर्फाने मिळायचा, तिथून हे माप आलं. एक अमेरिकी टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता एक टनाचा एसी दिवसरात्र चालून खोलीबाहेर काढतो. आपल्या हिशेबाला एवढंच लक्षात ठेवा: एक टन म्हणजे अंदाजे ३५०० वॉट उष्णता बाहेर.

आता प्रश्न सोपा झाला. तुमच्या दुकानात किती वॉट उष्णता तयार होते आणि बाहेरून किती येते?

दोन गाळे, माप एकच

पहिल्या गाळ्यात स्टेशनरीचं दुकान आहे. मालक आणि दोन गिऱ्हाइकं. बसलेला किंवा उभा माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे माणसांचे ३०० वॉट.

शेजारी तेवढ्याच गाळ्यात क्लास आहे. १५ मुलं आणि सर, म्हणजे १६०० वॉट. जवळजवळ अर्धा टन नुसत्या माणसांतच गेला!

तिसरा गाळा सलूनचा. तिथे १५०० वॉटचा एक ड्रायर चालू असेपर्यंत पंधरा माणसांइतकी उष्णता देतो. दिवे, फ्रीज, झेरॉक्स मशीन, कॉम्प्युटर यांचंही तेच. आत वापरलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणून "शेजाऱ्याने दीड टनाचा घेतला" हे काही माप नव्हे.

ऊन आत येतंय का?

पश्चिमेची काच असेल तर सावध व्हा. दुपारनंतरच्या तिरप्या उन्हात साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून ५०० वॉटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. चार चौरस मीटर काच म्हणजे २००० वॉट, अर्ध्या टनाहून जास्त. इथे आतून पडदा लावून फार फायदा होत नाही, कारण ऊन काच ओलांडून आलेलं असतं. बाहेरून छज्जा, ताडपत्री किंवा जाळी लावा. वरचा स्लॅब थेट उन्हात असेल तर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. हे आधी करा, एसीचं माप नंतर काढा. कदाचित लहान मशीनमध्ये भागेल.

मोठा घेतला तर बरं, असं नाही

लहान एसी दिवसभर धापा टाकत चालतो, हे सगळ्यांना कळतं. पण गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली झटकन थंड करतो आणि बंद पडतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे मग गार पण चिकट वाटतं. इन्व्हर्टर एसी वेग कमी करू शकतो, पण त्यालाही खालची मर्यादा असतेच.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तर आधी कूलरचा विचार करा. पाण्याचं बाष्प होताना हवा थंड होते आणि वीज खूप कमी लागते. कोकणातल्या दमट हवेत मात्र तो चालत नाही.

आता धंद्याचा हिशेब

समजा एसीला रोज १२ युनिट लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ युनिट. व्यापारी दर समजा १२ रुपये, तर बिल वाढलं ३७४४ रुपयांनी. तुमचा मार्जिन २० टक्के असेल, तर हे पैसे काढायला महिन्याला १८,७२० रुपयांची जादा विक्री हवी. रोजची ७२०. मशीनचा हप्ता वेगळा.

माझे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमचा दर तुमच्या बिलावर आहे आणि मार्जिन तुमच्या वहीत. क्लास किंवा सलूनमध्ये गिऱ्हाईक तासभर बसतं, तिथे गारव्यामुळे ते टिकतं. दोन मिनिटांत वस्तू घेऊन जाणाऱ्या दुकानात, दार सतत उघडं असताना, तेवढी जादा विक्री होईल का? खरं उत्तर स्वतःलाच द्या.

या आठवड्याचं काम

१. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान दुकानात एकाच वेळी जास्तीत जास्त किती माणसं असतात, ते तीन दिवस लिहा.
२. प्रत्येक मशीनवरचे वॉट नोंदवा.
३. कोणत्या भिंतीवर आणि काचेवर ऊन येतं ते पाहा.
४. वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते तपासा. एसीने तो ओलांडणार असेल तर आधी वाढवून घ्या.

हा कागद घेऊनच शोरूममध्ये जा आणि विक्रेत्याला म्हणा, "याच्यावरून टन काढून दाखवा." जो कागद वाचून प्रश्न विचारेल, त्याच्याकडून घ्या.

आणि एसी बसल्यावर १८ वर लावू नका. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीला २४ अंश हे सुरुवातीचं तापमान ठरवून दिलंय. पंखा सोबत लावा, २४-२५ वर गिऱ्हाईक खूश राहतं आणि बिलही आवाक्यात!