मॅग्मा की पावसाचं पाणी?

सप्टेंबर २०२५मध्ये अंदमानातलं बॅरन हे ज्वालामुखीचं बेट आठवड्याभरात दोनदा धुमसलं. ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली. पण त्याआधी खोलवर मॅग्मा सरकतो, तेव्हा वर काहीच दिसत नाही. तिथलं वस्तुमान बदलतं आणि गुरुत्वाकर्षण किंचित हलतं. ग्रॅव्हिमीटर नेमकं तेच टिपतो.

मुलुंडला हा विषय परका नसावा. तिथल्या योगी हिलचा कातळ लाव्हाचाच. मुंबई परिसरात गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त भरतं, आणि १९६६ साली टाकिन या अभ्यासकाने त्याचं कारण जमिनीखालच्या जड अग्निजन्य खडकांत शोधलं. तो मॅग्मा केव्हाच थिजला. जिवंत ज्वालामुखीवर मात्र दहाएक मायक्रोगॅलचा फरकही महत्त्वाचा असतो, आणि दहा मायक्रोगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम दहा कोटीवा भाग. यंत्र तीन सेंटिमीटर उचललं तरी आकडा नऊ मायक्रोगॅलने उतरतो. जमिनीत मीटरभर जाडीचा पाण्याचा थर साठला, तर ४२ने चढतो! मुंबईत एकट्या जुलैत ८० सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे लक्षात घेतलं की पावसाचं पाणीच मॅग्मा समजलं जाण्याचा धोका कळतो.

म्हणून आधी यंत्राचीच परीक्षा. स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्राचा आकडा दिवसभरात आपोआप सरकत जातो. त्यामुळे मोजणी जिथे सुरू केली, त्याच बिंदूवर परत येऊन ती संपवावी लागते.

अतिवाहक ग्रॅव्हिमीटरमध्ये नायोबियमचा पोकळ गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगतो. हे यंत्र इकडेतिकडे नेणं अवघड, म्हणून त्याच्या शेजारी निरपेक्ष ग्रॅव्हिमीटर मांडतात. त्यात निर्वात नळीतून आरसा पडतो आणि लेझर त्याचं पडणं मोजतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ सर्वाधिक बदलते. तेव्हा काही दिवस दोन्ही आलेख ताडून पाहिले की कॅलिब्रेशन होतं. इटलीत एटनावर २०२० साली, विवरांपासून अडीच किलोमीटरवर, रुबिडियमचे अणू पाडून मोजणारा क्वांटम ग्रॅव्हिमीटर बसवला. प्रयोगशाळेबाहेर, धगधगत्या डोंगरावर तो टिकला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

बॅरनवर यंत्र न्यायचं तर ते आधी आपल्या घाटात तपासावं. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण साधारण शंभर मिलिगॅलने घटतं. दोन्ही टोकांना निरपेक्ष मोजमाप करून पक्के बिंदू रोवले, की कोणतंही यंत्र गाडीतून सकाळी वर नेऊन दुपारी खाली आणता येईल. एकदा मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, आणि पुन्हा सप्टेंबरात, म्हणजे भूजलामुळे दोन टोकांत पडणारा फरकही कळेल.