लगदा, खळ, घोटाई: हातकागद चित्रात उतरतो तेव्हा

सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझे एक चित्र किड्यांनी खाल्ले. लाकडी फळीवर हातकागदाचे तीन थर, त्यांत लुगड्याच्या चिंध्या, शेतातली काळी माती आणि वर जलरंग असा तो प्रकार होता. फर्दापुरातल्या माझ्या खोलीत ते भिंतीला टेकून उभे होते. पोळ्याच्या सुमाराला पाहिले, तर खालच्या कोपऱ्यात कसरीने नक्षी कोरलेली. रंग शाबूत होता, माती शाबूत होती, गेला होता तो कागद. कागद विकणाऱ्याने दिलेल्या पावतीवर एवढेच लिहिले होते: ‘हँडमेड’.

त्या शब्दातून हात कळतो. धागा कुठला, खळ कशाची, लगदा किती कुटला, यांतले काहीच कळत नाही. आणि चित्राचे आयुष्य तर याच तीन गोष्टींवर ठरते.

फर्दापूर म्हणजे अजिंठ्याचा उंबरठा. लेण्यांकडे जाणारी बस इथल्या तिठ्यावरून सुटते आणि बहुतेकांना गाव तेवढेच आठवते. चित्रकारांचा मात्र या गावाशी जुना संबंध आहे. लेडी हेरिंगहॅम 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांचा तळ इथेच पडला होता. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा अशी तरुण मंडळी सोबत होती. पुढे हरिपुरा काँग्रेससाठी 1938 मध्ये नंदलालांनी जी चित्रफलके केली, ती हातकागदावर होती. ते सूत्र अजिंठ्यातून निघाले असे म्हणण्याचा मोह होतो, पण मी तो आवरतो. गावउद्योगांच्या चळवळीचा तो काळ होता. कारण तेवढ्यानेही भागते.

माझे चित्र गेल्यावर मी पुन्हा लेण्यांत गेलो, तो या वेळी चित्रांखालचा गिलावा पाहायला. अजिंठ्याची चित्रे दगडावर काढलेली नाहीत. दगडावर मातीचा लेप आहे, त्यात भाताचा कोंडा, गवत, वनस्पतींचे धागे मिसळले आहेत, वर पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग. धाग्यांनी ओल धरायची, तडे आवरायचे, रंगाला आधार द्यायचा. हेच काम कागदातला धागा करतो. 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये मॅनेजर सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांचा निबंध आला. वेरूळच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे धागे सापडले. वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला आणि अजिंठ्याचा पोखरला गेला, याचा संबंध त्यांनी या धाग्याशी जोडला. अजिंठ्याच्या गिलाव्यात तो नव्हता. हे वाचून मला माझा कोपरा आठवला.

धागा शोधायचा तर आपल्याच जिल्ह्यात कागजीपुरा आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा कागदी कारागीर इकडे आले, असे तिथे मानतात. मराठी दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी हे कागद ओळखीचे आहेत. चिंध्या, जुने दोर, गोणपाट चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. मग हौदात तो गर पाण्यात सोडून साच्याने ताव उचलायचा, दाबायचा, भिंतीवर चिकटवून वाळवायचा. त्यानंतर पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा.

कुटणे हा मधला टप्पा वाटतो, पण चित्रकाराला सर्वांत जास्त तोच कळायला हवा. लगदा थोडा कुटला की ताव मऊ, फुगीर, पाणी पिणारा होतो. जास्त कुटला की धाग्यांची टोके फुटतात, ते एकमेकांत घट्ट बसतात, कागद कडक व खणखणीत होतो, पण वाळताना फार आकसतो. माझ्या फळीवर मी दोन्ही जातींचे ताव एकावर एक चिकटवले होते. एक ओढत होता, दुसरा सैल होता. किड्यांच्या आधीच मधे पोकळी झाली होती. ती चूक कागदाची नव्हती, माझीच होती. यंत्राच्या कागदात धागे बहुतेक एकाच दिशेने पडतात, म्हणून तो ओला झाला की एका बाजूला अधिक वाढतो आणि वळतो. हाताचा साचा दोन्ही दिशांनी हलतो. ताव चहूबाजूंनी जवळपास सारखा वाढतो. चिकटकामाला हातकागद आवडतो तो यासाठी. कडा फाटक्या दिसतात म्हणून नव्हे, जरी विकला जातो तो त्याच कडांवर.

खळीचा प्रश्न अवघड आहे. खळ नसेल तर शाई पसरते. पिठाची असेल तर कसरीला मेजवानी. तुरटी-राळेची दिली तर किडे कमी, पण आम्ल वाढते आणि कागद काही वर्षांत पिवळा, ठिसूळ होतो. जुन्या पोथ्यांच्या कागदाला हरताळ लावत, त्यात सोमल असतो. चुकलेला मजकूर झाकायलाही तोच. आपला ‘हरताळ फासणे’ तिथूनच आला. मी हरताळाच्या वाटेला गेलो नाही. माझ्या एकाच खोलीत स्वयंपाकही होतो.

मिश्र माध्यम हे नाव नवे असले तरी दख्खनला ते नवे नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरी कागदाच्या लहरी रंगांतूनच घोडा आणि स्वार उभे केले. लघुचित्रांसाठी कागदाचे ताव एकावर एक चिकटवून वसली करत. पण तिथे कागद पाठ देतो. लगदाच चित्र होतो, ते अलीकडचे. 1975 मध्ये रॉबर्ट रॉशेनबर्ग अहमदाबादला आले आणि साबरमती आश्रमाच्या कागद कारखान्यात त्यांनी बांबू व कापडाचे तुकडे थेट ओल्या लगद्यात दाबले. दुसऱ्या मालिकेत तर मातीत लगदा, चिंचोक्याची पूड आणि मेथी कालवली. आपल्याकडे धनगर घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात, हे त्यांना कुणी सांगितले होते का, कोण जाणे. त्याच दशकात सोमनाथ होर यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. मातीच्या पाटीवर घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात लगदा दाबायचा. शाई नाही. पांढऱ्यावर पांढरी जखम. कागदावर जखमेचे चित्र काढणे आणि कागदालाच जखम होणे यांत किती अंतर आहे, ते ही पाने पाहताना समजते.

महाराष्ट्रात 1940 साली पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत प्रयोग चालू होतेच. त्या प्रयत्नांचा रोख लिहिण्या-छापण्याच्या कागदावर होता. आज हातकागद बहुतेक लग्नपत्रिकांत आणि भेटीच्या पिशव्यांत जातो. तिथे कागद वर्षभर टिकला तरी पुष्कळ. गिऱ्हाईकच टिकाऊपणा मागत नसेल, तर कारागिराने जास्तीची कुटाई आणि घोटाई का करावी? चित्रकारांनी मागितली, तर कदाचित करील. पण आम्हीही पाकळ्या घातलेला रंगीत ताव पाहून भुलतो, भाव पाडतो आणि घरी येतो.

इकडे कापूस उदंड. वेचणी झाली की पऱ्हाटी चुलीत जाते. तिची साल सोड्यात उकळून मी कागद करून पाहिला. ताव तांबूस आला, हातात सुंदर लागला, आणि खिडकीतल्या उन्हाने वर्षभरात काळवंडला. त्यातले काष्ठ पुरते निघाले नव्हते. शुद्ध सुती चिंध्यांचा ताव त्याच खिडकीत अजून तसाच आहे.

आता मी कागद घेतो तेव्हा एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकतो आणि तो किती वेळ उभा राहतो ते पाहतो. मग ताव कानाजवळ हलवून आवाज ऐकतो. दुकानदार हसतात. प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने धागा, खळ आणि महिना लिहितो. त्या जुन्या चित्राचा खाल्लेला कोपरा मी दुरुस्त केला नाही. त्यामागे फक्त एक सुती ताव लावला, बिनखळीचा, म्हणजे भोके तशीच दिसतात.